सुपातला हात

लिंबाजी सरांना मी शेवटचं भेटले ते दिवाळीत. पुण्याहून कळंबला गेले की त्यांच्याकडे एक चक्कर असायचीच. या वेळी ते खाटेवर होते. पायांवर सूज होती आणि आवाज अगदी बारीक झाला होता. मी बराच वेळ नुसती स्टुलावर बसून राहिले. मला बोलायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी कधी घाई केली नाही. त्या दिवशी मात्र मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय सांगायचं राहिलं का गं तुझं?" मी म्हणाले, "नाही, सर." ते थोडं हसले. "बरं. सावकाश जा."

राहिलं होतं... बारा वर्षांपासून राहिलं होतं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी ऑफिसच्या बसमध्ये असताना आईचा फोन आला, "अगं, सर गेले," आणि मला पहिल्यांदा आठवलं ते माझं "नाही, सर."

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. मुलांसाठी विनोदी नाटुकली आणि एकपात्री लिहायचे. छापून कधी काही आलं नाही. वहीत लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची, आणि गॅदरिंगला किंवा गणपतीत थेट भूम-उमरग्यापर्यंत कुणीतरी ते सादर करत असायचं. मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाचताना ओळीखाली बोट धरावं लागायचं, आणि बोलणं तर घरातही मोजकंच. सातवीच्या सुट्टीत पप्पा मला त्यांच्या पत्र्याच्या पडवीत घेऊन गेले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "सर, ही बोलतच न्हाय. काय तरी करा." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोलत न्हाय ते ऱ्हाऊ द्या. ऐकती का?" मग त्यांनी मला मागच्या भिंतीशी बसायला सांगितलं आणि महिनाभर काहीही विचारलं नाही.

त्या महिन्यात मी सरांची काम करायची पद्धत पाहिली. पडवीच्या खांबाला टेकून त्यांची थोरली बहीण बसलेली असायची. ती आम्हा सगळ्या मुलांची आत्या. सर तिला आक्का म्हणायचे. मांडीवर सूप घेऊन ती ज्वारी निवडत असायची. आत्या हसत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सर नवीन लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे ते मुलांसाठी, पण नजर तिच्या हातावर असायची. हात थांबला तर वाक्य राहायचं. हात चालूच राहिला तर ते पेन्सिलनं काट मारायचे. मुलं लोळून हसली तरी काट ती काटच. एकदा असं एक अख्खं पान गेलं. सर कळवळून म्हणाले, "अगं आक्का, दोन दिस लागले मला ह्या पानाला!" आत्यानं वर न बघता सांगितलं, "ज्वारीला चार म्हयने लागत्यात. म्हणून काय खडा ठिवावा का त्यात?"

महिना संपल्यावर सरांनी मला एक एकपात्री दिलं. एक आजी भूमहून एसटीनं निघालीय, पिशवीत कोंबडी लपवलेली आहे आणि कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागतोय, असं ते होतं. "ती बसली कुठं हाय? ती तर माझ्या मांडीवर हाय, आन् मांडीचं तिकीट म्या काढलंय," असं आजी त्याला ऐकवते. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला द्या. सर म्हणाले, "ही आजी थापा मारती. थापा मारणारं माणूस जपून बोलतं. तुला जमंल." मला त्याचा थोडा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

तालुक्याच्या स्पर्धेत माझा नंबर अकरावा होता. सुरुवात नीट झाली. कंडक्टरचा प्रश्न मीच त्याच्या आवाजात विचारला, "आजी, पिशवीत काय हाय?" त्यावर आजीनं लगेच म्हणायचं होतं, "भाजी." तो एवढासा शब्द मला आठवेना. समोर तीनशे माणसं. मी पिशवी घट्ट धरली, पिशवीकडे पाहिलं, कंडक्टर जिथे असायला हवा तिथे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे. मागून एक हसू फुटलं. मग मधून एक. लोकांना वाटलं, आजी थाप शोधतेय. हसणं पुढच्या रांगेपर्यंत आलं तेव्हा कुठे शब्द आठवला, आणि मी "भाजी" म्हणाले तेव्हा हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, या वयात विरामाची एवढी जाण क्वचित दिसते.

विंगेत सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुठं शिकलीस गं हे थांबणं?" खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. मी चपलांकडे बघत म्हणाले, "असंच, सर."

दुसऱ्या दिवशी वहीत त्या जागी लाल शाईनं आलं : इथं थांबायचं. त्यानंतर दर वर्षी कुणीतरी ती आजी करायचं आणि सुट्टीत मी गेले की सर मुलांना सांगायचे, "ताईला इचारा, थांबायचं कसं." मी सांगायचे, मनात पाच मोजा. मुलं इमानदारीत मोजायची. ओठ हलताना दिसायचे. त्या जागी हसू कधीच नीट आलं नाही. मुलं हिरमुसायची, सर माझ्याकडे बघायचे... मी दुसरीकडे. माझ्या थापेचं कर्ज बारा वर्षं दुसऱ्यांची मुलं स्टेजवर फेडत होती.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी कळंबला गेले. मुलांची स्पर्धा जवळ आली होती. पडवीत आत्या खांबाला टेकून ज्वारी निवडत होती. सरांची खुर्ची तिथेच होती, वर वही. त्यांच्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही, मी भिंतीशी बसले. या वर्षीची आजी म्हणजे आरती नावाची सहावीतली मुलगी. तिनं छान केलं, त्या जागी थांबली, ओठांत पाच मोजले आणि "भाजी" म्हणाली. मग स्वतःच रडवेली होऊन म्हणाली, "ताई, इथं कुणालाच हसू येत न्हाय. माझं काय चुकतंय?"

"तुझं नाही चुकत," मी म्हणाले. "मी मोजलं नव्हतं, आरती. मी वाक्य विसरले होते. सरांना कधी सांगितलं नाही."

मी आत्याच्या हाताकडे पाहिलं. तो थांबला नव्हता. सुपात बोटं तशीच फिरत होती.

"आत्या, तुम्हाला..."

"त्याला त्याच दिशी कळलं हुतं." आत्यानं एक खडा बाजूला टाकला. "घरी येऊन म्हणला, आक्का, पोरगी इसरली, पर पळाली न्हाय. आपणहून सांगंल तवा सांगंल, म्हणला." दुसरा खडा टाकत ती म्हणाली, "लई वाट बघितली त्यानं."

आरती अजून पिशवी घेऊन उभीच होती. "मंग ताई, म्या करू काय?"

मी डोळे पुसले. म्हणाले, मोजू नकोस. तिकडे कंडक्टर उभा आहे, त्याच्याकडे बघ. थाप सापडेपर्यंत बोलू नकोस, कितीही वेळ लागू दे.

तिनं पुन्हा सुरुवात केली. "आजी, पिशवीत काय हाय?" असं विचारलं आणि ती थांबली. पिशवीकडे पाहिलं. कंडक्टरकडे पाहिलं. पिशवी हळूच नसलेल्या पदराखाली ओढली. ओठ हलत नव्हते. मी तिच्याकडेच बघत होते, खांबाकडे माझी पाठ होती. पडवीत फक्त सुपातल्या ज्वारीची सळसळ ऐकू येत होती.

मग तीही थांबली.