नॉरिसच्या ओठांतली दोरी

नॉरिस ब्रॅडशॉ म्हातारपणी माशांचे मुके घेतो, ही बातमी आधी वेल्माच्या दुकानात पोचली आणि मग चर्चमध्ये. पुलावरून जाताना कुणीतरी पाहिलं होतं म्हणे. भर जानेवारीत, पत्र्याच्या छोट्या होडीत, म्हातारा वाकून पाण्याशी तोंड नेऊन बसलेला. वेल्मानं पदरचं तिखटमीठ घातलं, "बायको गेली, माणूस एकटा पडला. चालायचंच!"

मुका-बिका काही नव्हता. ओठांत गळाची दोरी होती.

थंडीत रॉकफिश, म्हणजे तो पट्टेवाला मासा, खाडीतल्या खोल डोहात सुस्त पडून राहतो. उन्हाळ्यात झडप घालणारा हा गडी आता आमिष तोंडात घेतो ते भांडणानंतर सासुरवाडीला जेवायला बसलेल्या जावयासारखं, मन नसताना. ओढ नाही, झटका नाही. दोरी नुसती जराशी जड होते. ते बोटाला कळावं म्हणून इथले जुने लोक बोचऱ्या वाऱ्यातही एका हाताचा मोजा काढून दोरी बोटावर धरतात, आणि मोजा न काढणाऱ्याला पाहुणा म्हणतात.

नॉरिस जन्मभर मोजा काढून बसला. पण मागच्या थंडीपासून त्याच्या बोटांना काही कळेनासं झालं. शर्टाचं बटण तो आरशात बघून लावायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण लेकीनं, डॉरीननं, बजावून ठेवलं होतं, "हात चालेनासे झाले की होडी विकायची."

वेल्माची बातमी डॉरीनच्याही कानावर गेली. शनिवारी सकाळी ती होडीत येऊन बसली.

"थंडी सोसायची नाही तुला," नॉरिस म्हणाला.

"बाबा, तुमच्या मैत्रिणीला बघायचंय मला."

नॉरिस हसला नाही. इंजिन सुरू करायची दोरी त्यानं मनगटाला गुंडाळून ओढली. डॉरीननं ते पाहिलं. डोहावर नांगर पडला. नॉरिसनं मोठ्या थाटात मोजा काढला, दोरी बोटावर घेतली आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसला.

थोड्या वेळानं सैल दोरी ताठ झाली, क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा सैल पडली.

"बाबा, आला होता."

"कोण?"

डॉरीन त्याच्याकडे बघतच राहिली. मग नॉरिसनं निमूट गळाची काठी मांडीवर आडवी घेतली आणि वाकून दोरी ओठांत धरली.

"केव्हापासून?"

"झाले बरेच दिवस." दोरी काढून तो म्हणाला. "सांगितलं असतं तर ही होडी राहिली असती?"

"आणि पाण्यात पडलात तर होडीचा काठ कशानं धरणार? तोही ओठांनी?"

यावर तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. नॉरिस आपल्या बोटांकडे, ती दुसऱ्या कुणाची असावीत तसा, बघत राहिला.

"नाही धरता येणार," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा दोरी ओठांत घेतली. वारा पडला होता. एकाएकी त्याच्या भुवया वर गेल्या आणि त्यानं तिला कोपरानं ढोसलं. डॉरीननं काठी उचलली. मासा चांगला दांडगा होता. थंडीत हा मासा ठेवायचा नाही, सोडून द्यायचा, असा इथला नियम; पाण्याबाहेरही काढायचा नाही, गारठ्यानं कल्ले गोठतात. तिनं होडीच्या कडेलाच गळ सोडवला. मासा तिच्या हातांत जरा वेळ थांबला आणि मग सावकाश खाली गेला.

"विकायची नाही," ओले हात काखेत दाबत ती म्हणाली. "पण एकट्यानं निघायचं नाही. शनिवारी मी येत जाईन."

"फक्त शनिवारी?"

"फक्त शनिवारी."

नॉरिसनं मान डोलावली. बाकीचे सगळे दिवस त्यानं त्या डोहापाशीच सोडून दिले.

परतताना दोघं वेल्माच्या दुकानात कॉफी घ्यायला थांबली. डॉरीननं कप त्याच्या दोन्ही तळव्यांमध्ये नीट बसवला. त्यानं तो चारचौघांत बसवू दिला.

"काय नॉरिस," वेल्मानं गल्ल्यावरून विचारलं, "आज किती जणींचे मुके घेतलेस?"

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या.

"वेल्मा," नॉरिस म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसायला शिकलो, तर तेही तुम्हाला बघवेना!"