शेवटच्या गाण्यातली हाळी

भावाच्या रॉक बँडचा नवा अल्बम मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून उतरवून घेतला. आमच्या गावात फोनला रेंज फक्त तिथेच येते. त्यांचा पहिला अल्बम इतका दणदणीत होता की आई म्हणायची, कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं. मला तो तोंडपाठ होता. धाकटा भाऊ शेती टाकून ड्रम वाजवायला बेंगळूरला गेला तेव्हापासून अप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी टाकीपाशी जाऊन त्याच्याशी बोलून आले, की ते मुकाट्याने गोठ्यात जायचे. तो मात्र दर वेळी विचारायचा, "अप्पा काय म्हणाले?" आणि मी काहीतरी थाप मारायची.

संध्याकाळी ओट्यावर अल्बम लावला आणि माझा पार विरस झाला. गिटार कुठेतरी लांब कुरकुरत होती. एका गाण्यात नुसता पाण्याचा आवाज, दुसऱ्यात पत्र्याचा डबा बडवलेला. शब्द जवळजवळ नाहीतच. याला गाणं म्हणायचं तर रामनगरची पिठाची गिरणीही गायिकाच, असं मी आईला म्हटलं.

"पोरगं येळेवर जेवतंय का न्हाई, कुणास ठावं," आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

शेवटच्या गाण्यातही तसाच डबा वाजत होता; तो थांबला आणि भावाची हाळी आली. भात पिकलं की आमच्याकडे रानडुकरं उतरतात. शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलेल्याने हाळी द्यायची आणि शेजारच्या शेतातल्याने ओ द्यायची, ही रीत. ओ आली नाही तर काहीतरी बिनसलंय समजून माणसं धावत जातात. तीच ही हाळी, लांबवलेली. पुढे काहीच नाही. फोन बंद पडला वाटून मी बघितलं, तर गाणं चालूच होतं, नुसतं गप्प.

तेवढ्यात अंगणात विळ्याला धार लावणाऱ्या अप्पांनी मान वर न करताच खणखणीत ओ दिली. मग उठून ते शेताकडे बघायला लागले.

"कवा आला त्यो?"

"आला न्हाई, अप्पा. गाणं हाय त्येचं."

अप्पा खाली बसले. विळा उचलला, परत ठेवला. मला रडू आवरेना.

"सांग त्येला," ते म्हणाले, "म्या ओ दिली म्हणून."

"तुमीच सांगा की."

अप्पांनी चपला घातल्या आणि ते टाकीच्या वाटेला लागले. फोन माझ्याच हातात राहिला होता.