लिंबाजीचं रडणं

सुजाताचा, म्हणजे लिंबाजीच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी नळाखाली घागर लावून उभा होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती बोलली. घागर भरून वाहू लागली तरी मला भान नव्हतं... लातुरात पाणी असं वाहू देणं म्हणजे पापच. त्याला आता दीड महिना होत आला. एवढ्या दिवसांत पेपरांनी लिंबाजीला विनोदाचा बादशहा केलं, मोठमोठ्या नटांच्या पंगतीत नेऊन बसवलं. मी त्याचा लंगोटीयार. वाचणाऱ्यांना राग येईल, येऊ द्या, पण लिहितो. लिंबाजी एवढा मोठा नट नव्हता. त्याला एकच गोष्ट येत होती.

आम्ही दोघं मुखेडकडच्या एकाच वस्तीतले. मोठ्या दुष्काळात शाळा बुडवून तलावाच्या कामावर दगड फोडायला जायचो. एक दिवस त्याच्या आईला उन्हानं चक्कर आली, ती बाजूला बसली, आणि मुकादमानं तिची हजेरी कापली. लिंबाजी विनवायला गेला आणि बोलता बोलता त्याला रडू फुटलं. आधी लांबलचक श्वास, मग नाकातून बारीक शिट्टी, मग लागोपाठ तीन उचक्या. मुकादम बघतच राहिला आणि मग पोट धरून हसत सुटला. "आरं, हे पोरगं लई भारी रडायलंय! लावा हिची हजेरी!" दुसऱ्या दिवसापासून ज्याची हजेरी कापली जाईल तो लिंबाजीला पुढं ढकलायचा. "रड की गड्या जरा!" आणि तो रडायचा. सगळं काम थांबून हसायचं. दिवसभर उन्हात घण मारणाऱ्याला कशाचंही हसू येतं. तहानलेल्याला गढूळ पाणीही गोडच लागतं. त्या हसण्यात त्याच्या कलेपेक्षा आमची गरज जास्त होती, असं मला आजही वाटतं.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि लिंबाजी एका कचेरीत कारकून म्हणून लागला. स्नेहसंमेलनात त्यानं रडून दाखवलं, पाहुणा म्हणून आलेल्या दिग्दर्शकानं त्याला उचललं. पहिल्या सिनेमात तो सासऱ्यापुढं रडणारा जावई, दुसऱ्यात साहेबापुढं रडणारा शिपाई, तिसऱ्यात बायकोपुढं रडणारा फौजदार... कपडे बदलले, रडणं तेच. मी मास्तरकी सांभाळून इथल्या पेपरात परीक्षणं लिहायचो. दर वेळी 'बहारदार' लिहिलं. आपल्या गावच्या माणसाला नावं कोण ठेवणार?

मग त्याची आई गेली. वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या शोकसभेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. वंदना झाली, रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून आठवण सांगू लागला. लिंबाजी उभा राहिला. "माझी माय..." म्हणाला आणि तो लांबलचक श्वास आला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शिट्टी आली तशा बायांनी तोंडाला पदर लावले. तिसऱ्या उचकीला सगळा विहार हसत होता. आणि मीही हसलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो खाली बसला.

बाहेर चपला घालताना म्हणाला, "तू बी हसलास."

"सवय रे, लिंबा..."

"एक इचारतो. तू पेपरात लिहितूस. मला हे सोडून दुसरं काय येतं का? खरं सांग."

मला उत्तर माहीत होतं. "काय बोलायलास? तू लई मोठा नट हाईस," मी म्हणालो.

"म्हंजी ह्यातनं सुटका न्हाई," तो म्हणाला.

तेव्हा मी 'न्हाई येत' म्हणालो असतो, तर कदाचित त्यानं सिनेमा सोडला असता. माझ्या भिडेपायी तो आणखी वीस वर्षं त्यातच अडकून राहिला. त्यानंतर तो कुणाच्याच मयतीला गेला नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा. लोक म्हणाले, मोठा झाला, माजला. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते.

लिंबाजीचं पुण्यानुमोदनही त्याच विहारात झालं. सुजाता बोलायला उठली. "पप्पा मला..." आणि लांबलचक श्वास. मग बारीक शिट्टी. लोक एकमेकांकडं बघू लागले, कुणी मोबाईल वर धरला, हसू पसरू लागलं. तिला ते कळलं. तिनं तोंडावर हात दाबला, श्वास कोंडला, डोळे बाहेर यायची वेळ आली. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "हिची आजी बी अशीच रडायची."

मी उभा राहिलो. "हसू नका," मी म्हणालो. "लिंबाजीनं कधी नक्कल केली न्हाई. त्यांच्या घरात असंच रडत्यात. तो खरंच रडायचा, अन् आपुन टाळ्या वाजिवल्या."

वर धरलेला मोबाईल खाली आला.

"रड पोरी," मी म्हणालो.

तिनं हात काढला आणि ती रडली, तिन्ही उचक्यांसकट, पोटभर. कुणी हसलं नाही. लिंबाजीला हे एकदाही मिळालं नाही.