वाघदेवाला वळसा

लक्ष्मण भोये गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घरी चहा पीत होतो. कप खाली ठेवला नाही, चहा संपवला. वाईट वाटलं नाही असं नाही… पण आधी आला तो राग. नव्वदच्या दशकात सुरगाण्याकडच्या एका शाळेत आम्ही दोघं नवे मास्तर होतो, एका खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर भात शिजवायचो. पंधरवडा झाला, तो राग अजून गेलेला नाही.

त्याच्या पाड्याच्या वेशीवर वाघदेवाचा लाकडी खांब होता. इंग्रजांच्या काळात जंगलसाहेबानं भगताला हाताशी धरून तो खांब रानाच्या कडेला रोवून घेतला आणि दवंडी पिटली, की देवापलीकडं कुऱ्हाड चालवाल तर वाघ घर शोधत येईल. लोक घाबरले, रान सुटलं. मग लक्ष्मणच्या आज्यानं वाजतगाजत तोच खांब खांद्यावर घेतला आणि पार डोंगरमाथ्यावर नेऊन रोवला. खालचं सगळं रान परत पाड्याचं झालं. देवाला हात लावायची साहेबाचीही छाती झाली नाही, कारण मोठा त्यानंच केला होता. "साहेबाला वाटलं देव त्याचा नोकर हाय. आज्यानं देवालाच फितवला!" हे सांगताना लक्ष्मण मांडीवर थाप मारून हसायचा. मी ती गोष्ट वर्गावर्गात सांगितली.

वीस-बावीस वर्षांनी शहरातल्या एका बड्या माणसाला आश्रमासाठी डोंगरमाथ्याखालचा माळ हवा झाला. पाडा त्यावर नागली पिकवायचा. लक्ष्मणला स्वप्न पडलं, वाघदेव म्हणाला, मला खाली न्या, वरचा माळ सोडा. गुरुजीचा शब्द, शिवाय देवाचा… लोकांनी नांगर उचलले. वर्षात तिथं भिंत उठली आणि लक्ष्मणचा मुलगा त्याच माणसाच्या अंबडच्या कारखान्यात कायम झाला. कुंपणानंच शेत खाल्लं.

"स्वप्न खरंच पडलं होतं?" मी विचारलं.

"पोराचं बघाया नको का?" एवढंच म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही.

परवा त्याच्या दिवसांना गेलो. खाली आणलेल्या खांबाजवळून एक पायवाट गवतातून लांब वळसा घेऊन शाळेकडे गेलेली दिसली. पूर्वी नव्हती.

"ह्यांनीच पाडली," वहिनी म्हणाल्या. "देवासमोरनं कधी गेलं नाय. लोक म्हणतात, गुरुजीची भक्ती लय मोठी, देवाची सावलीबी तुडवत नव्हते. आता समदी त्याच वाटेनं जातात."

मी खांबासमोरून सरळ चालत गेलो. लक्ष्मण, लाकडाच्या देवाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तर त्या माणसांना रोज कसं दाखवलंस रे?