मंडे नक्की!

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! चहा घ्या, तोवर मी जरा लाजून घेते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत मी आई होते. वय तेहतीस आणि मला दोन लग्नाळू मुलगे! केसांना पांढरी पावडर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि दर भागात एक ठरलेलं वाक्य: "आधी खाऊन घ्या, मग भांडा!" असं म्हणून मी गरम पोळ्यांचं ताट आणलं की अख्खा महाराष्ट्र पाघळायचा. पोळ्या अर्थात कॅन्टीनवाल्या मामांच्या. सेटवरचा गॅस नुसता दाखवायला आहे, हे मला सहा महिन्यांनी कळलं!

लोक मात्र मला माईच म्हणायचे.

एक दिवस सुरतहून पत्र आलं. तिथल्या उधना भागातल्या एका वसाहतीतल्या सुमनचं. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिनं लिहिलं होतं, "आम्ही सगळ्या खान्देशातल्या. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. यंदा लूमला सुट्टी नाही, कोणालाच जाता येणार नाही. तुम्ही आलात तर आमचं माहेरच सुरतला येईल."

माझे डोळेच भरले हो! कॅलेंडर पाहिलं. अखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, सोमवारी. आणि शूटिंगला सुट्टीही सोमवारीच! पत्रात शेजाऱ्यांचा नंबर होता, तो लगेच फिरवला. लाइनवर पापड तळल्यासारखी चरचर.

"माई, मांडे करशात ना?" सुमन ओरडली.

मला काय ऐकू यावं? मंडे! म्हटलं, शहरात राहणारी पोरगी, दोन शब्द इंग्रजी बोलणारच.

"हो गं! मंडे नक्की!"

"बठासले पुरतीन ना?" सगळ्यांना पुरतील का, असं विचारत होती.

"पुरतील म्हणजे काय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंडे तुमचाच!"

पलीकडे असा गलका झाला, की मला वाटलं, बायकांचं काय प्रेम आहे माझ्यावर!

प्रेम होतंच. पण मांड्यांवर!

सोमवारी पोचले. लिंबाला झोके टांगलेले, मांडवात शे-दीडशे बायका. मधोमध पेटलेली चूल, तिच्यावर पालथं मातीचं खापर, शेजारी परातभर सैल कणीक आणि पातेलंभर पुरण. मी सुमनच्या कानात म्हटलं, "सेट काय झकास लावलाय गं! नाटुकलं आहे का?" ती बिचारी हसली. तिला वाटलं, माई गंमत करतायत.

माइकवाला गुजराती भाऊ म्हणाला, "बेन, चालू करो!"

मी लगेच ठोकून दिलं, "आधी खाऊन घ्या, मग भांडा!" टाळ्यांचा कडकडाट! आणि मग सगळ्या माझ्या हातांकडे बघतायत.

"माई, मांडे," सुमन हळूच म्हणाली.

"हो की, मंडेच आहे आज."

"आज सोमवार शे, माई. मांडे!" तिनं खापराकडे बोट दाखवलं. "तुम्हीच फोनवर कबूल केलं ना!"

आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आपण पुरणपोळी पोळपाटावर लाटतो. खान्देशात तीच हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात आणि तापल्या खापरावर टाकतात. ते मांडे! खरं सांगून टाकावं तर सुमनचा चेहरा समोर. यंदा आईच्या हातचे मांडे मिळणार, असं तिनं अख्ख्या वसाहतीला सांगून ठेवलं होतं.

पदर खोचला. पहिला मांडा कोपरापर्यंत गेला तो तिथेच राहिला. दुसरा खापर चुकवून माइकवर बसला. "अरे बेन, माइक!" तिसरा अर्धा खापरावर, अर्धा माझ्या पैठणीवर!

कोणी हसेना. तेच जास्त लागलं. सुमननं मान खाली घातली.

तेवढ्यात तिची सासू उठली. नऊवारीतली काटक म्हातारी. माझ्या हाताला चिकटलेला मांडा सोलून काढत म्हणाली, "तुले मांडे येतस नई का वं, माय?"

"नाही हो. मला चहासुद्धा धड जमत नाही. आई लवकर गेली, शिकायचं राहूनच गेलं."

माइक चालूच होता! सगळ्या मांडवानं ऐकलं.

म्हातारीनं पदरानं माझं तोंड पुसलं. "मंग आज तू आंडेर. झोकावर बठ. मांडे मी करस."

आंडेर म्हणजे लेक, सुमननं सांगितलं. मग काय! आई म्हणून बोलावलेली बाई दिवसभर झोक्यावर! बायका गाणी म्हणत मला झोके देत होत्या आणि मी आमरसाबरोबर मांडे हाणत होते. मध्येच रडत होते, पुन्हा खात होते. "माहेर उनं ना, माई?" सुमन हसत म्हणाली. आलं होतं गं बाई, खरंच आलं होतं. मालिका आता कोणाला आठवत नाही. मला मात्र त्या पदराचा धुरकट वास अजून येतो.

पुढच्या वर्षी पुन्हा सुमनचा फोन. तीच चरचर.

"माई, यंदा संडेले या ना!"

एकदा फसले होते, आता फसणार होय? मी अगदी शहाण्यासारखं विचारलं, "येते गं. पण आधी नीट सांग, हे संडे कशावर भाजतात?"