मालतीचा श्वास आणि कमरेएवढा बर्फ

शाहूपुरीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला पंचवीस वर्षांत मी सलग आठ दिवस कुलूप लावलं नव्हतं. २००३च्या जानेवारीत लावलं, कारण मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, बर्फ पाहायचा होता. तिला दमा आहे. औषधाचा पंप जवळ ठेवा, असं बजावून डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही निघालो.

मनालीच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागांत, एका लाकडी घरात मुक्काम मिळाला. घरात अम्मा आणि तिचा मुलगा रूपलाल. अम्मानं सिड्डू (अक्रोडाचं सारण भरून वाफवलेली जाड भाकरी) तुपात बुडवून वाढले. मी त्यावर बॅगेतली कांदा-लसूण चटणी थापली.

"तिखटाबिगर घास उतरत न्हाय व्हय तुमचा?" मालती म्हणाली. तिनं मात्र तीन सिड्डू तसेच फस्त केले.

मग बर्फ सुरू झाला आणि दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या सकाळी उघडीप मिळाली, तेव्हा अंगणात कमरेएवढा थर होता आणि पायऱ्या गायब. माझं कोल्हापुरी डोकं चाललं. अंघोळीचं कढत पाणी, दोन बादल्या, मी पायऱ्यांवर ओतलं. बर्फ विरघळला, दगड दिसायला लागला. मिशीवर हात फिरवत मी चहाला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर पायऱ्यांवर काच बसवल्यासारखा गुळगुळीत बर्फ!

"बाऊजी, ये क्या कर दिया!" अम्मानं कपाळावर हात मारला.

नेमका त्याच वेळी मालतीला दम लागला. पंप मारला, पुन्हा मारला, उतार पडेना. ओठ निळसर दिसायला लागले.

"अवो... छाती..." पुढचं तिला बोलताच येईना.

डॉक्टर खाली बाजारात, दोन किलोमीटरवर. रस्ता बंद, फोन बंद. तिला जिथून खाली न्यायचं, त्या पायऱ्यांची वाट मीच लावून ठेवली होती. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अम्मा तंदूरमधली (खोली उबदार ठेवायची लोखंडी शेगडी) राख आणून पायऱ्यांवर पसरू लागली. रूपलालनं गच्चीवर जाऊन लांब हाळी दिली. त्या गावाची रीतच आहे, हाळी आली की घरटी एकानं लाकडी फावडं घेऊन निघायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. पाव तासात वीसेक माणसं जमली, त्यात निम्म्या बायका. मालतीला घोंगड्यांत गुंडाळून खुर्चीला बांधलं. चौघांनी खुर्ची उचलली, बाकीचे पुढं वाट उपसायला लागले. मीही एक फावडं ओढून घेतलं.

"आप रहने दो, बाऊजी," रूपलाल म्हणाला.

"रहने दो कसलं! हमारे कोल्हापूर में पूर आता है तो हम भी ऐसाच निकलते हैं की!"

दम टिकावा म्हणून मी ओरडलो, "जोतिबाच्या नावानं!" आणि माझं मीच म्हटलं, "चांगभलं!" तिसऱ्या वळणावर सगळे ओरडत होते, "चांगभलं!" अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पण फावडी मात्र एका तालात पडत होती. दीड तासात आम्ही बाजार गाठला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकावर औषधाच्या वाफेचा मास्क लावला. गावकरी बाहेर बर्फातच उभे होते. दुपारी मालती उठून बसली आणि तिनं चहा मागितला. मी दारातून तसं सांगताच बाहेर असं काही "चांगभलं" झालं की डॉक्टर दचकले. मी हात जोडले. ढसाढसा रडलो, झालं.

कोल्हापुरात परतलो, त्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या दारात. मालती सांगायला बसली. अम्मा, राख, हाळी, खुर्ची, सगळं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. अनोळखी माणसासाठी हाळीला धावून जाणारं गाव असतं, हे मी पाहून आलो होतो, तेवढंच मला सांगायचं होतं. मी दोनदा तोंड उघडलं.

"थांबा हो, माझं होऊ द्या की!" असं म्हणून ती पुढं बोलत राहिली, एका दमात, कुठंही न अडखळता. मी नुसता ऐकत राहिलो.