अर्लिताच्या तळघराची यादी

ओक्लाहोमातल्या त्या लहान गावाची एक खोड होती. टोर्नेडोच्या, म्हणजे घरं उचलून नेणाऱ्या वावटळीच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की माणसं तळघरात उतरण्याऐवजी ओसरीवर येऊन वादळ कुठून येतंय ते बघत उभी राहायची. अर्लिता गॉसला ही हौस नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मुलांना जेवू घालून निवृत्त झालेली ही बाई मार्च लागला की अंगणातल्या तळघराच्या बिजागऱ्यांना तेल घाली, पिण्याचं पाणी बदली, रेडिओत नवे सेल टाकी. खाली खुंट्यांना सायकलची हेल्मेटं आणि भिंतीलगत जाड तळाचे बूट. वादळातून वाचलेली माणसं अनवाणी बाहेर येतात आणि काचांनी पाय कापून घेतात, हे तिनं पाहिलं होतं. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, म्हणून प्रत्येक हेल्मेटला एक शिट्टी बांधलेली.

काळजी होती ती एकाच माणसाची. समोरचा व्हर्जिल टेटम चाकांवरच्या पत्र्याच्या घरात एकटा राहायचा. असलं घर टोर्नेडो पहिल्या झटक्यात उचलतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिनं तळघरात बोलावलं की तो म्हणे, "मेल्यावर जमिनीखाली जायचंच आहे. आत्तापासून सराव कशाला?"

दर बुधवारी बाराला भोंग्याची चाचणी होई. त्यामुळे मेमधल्या एका बुधवारी बाराला तो वाजला, तेव्हा गावानं मानही वर केली नाही. अर्लिता बटाटे सोलत होती. तिनं खिडकीतून पाहिलं. नैऋत्येला आभाळ हिरवट काळं पडलं होतं. असं आभाळ असलं की चाचणी रद्द करतात, लोकांचा गोंधळ नको म्हणून. म्हणजे हा भोंगा खरा होता.

तिनं व्हर्जिलला फोन लावला.

"अगं, बुधवार आहे आज," तो म्हणाला. "जेवू दे मला."

समजावण्यात दोन मिनिटं गेली असती, आणि समजूनही तो हलला नसता. स्वतःच्या जिवासाठी तो उठणारा नव्हता. मदतीला मात्र त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"व्हर्जिल, गुडघा धरलाय माझा. तळघराचं दार एकटीला ओढवत नाही. येतोस?"

गळ्यात खोचलेला जेवणाचा रुमाल तसाच ठेवून तो पुटपुटत आला. दार ओढायला आत उतरावंच लागतं. त्यानं कडी घातली, तोच कानांत दडे बसले आणि वरचं सगळं गर्जायला लागलं. अर्लितानं हेल्मेट पुढे केलं. त्यानं ते निमूट घातलं.

बाहेर आले तेव्हा तिचं अर्धं छप्पर गेलं होतं. व्हर्जिलच्या घराच्या जागी नुसते खालच्या टेकूचे सिमेंटचे ठोकळे उरले होते. त्यानं हेल्मेट काढून अर्लिताच्या हातात दिलं.

"गुडघा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

चार दिवसांनी दोघं छपरासाठी ताडपत्री आणायला निघाली. वाटेत त्यानं अग्निशमन केंद्रापाशी गाडी थांबवली. कुठल्या तळघरात कोण असतं याची यादी तिथं ठेवतात, म्हणजे कुठं खणायचं ते कळतं. अर्लिताच्या तळघराच्या नोंदीत आपलं नाव घाला, असं त्यानं खिडकीतल्या बाईला सांगितलं. तिनं पानं चाळली.

"टेटम ना? नाव आहे की तुमचं. नऊ वर्षं झाली."

व्हर्जिल अर्लिताकडे वळला. "मी येतच नव्हतो, तरी?"

"लिहून ठेवायला काय लागतं," ती म्हणाली. "चल, दुकान बंद होईल."